मरीमायच्या गाड्यावरचा खण

आमच्या भागातून निघणाऱ्या एका मासिकाने वाचकांकडून गावाकडच्या जुन्या आठवणी मागवल्या, तेव्हापासून दर अंकात कोणी ना कोणी हुरडा भाजतोय. कोणाचे बैल पोळ्याला शिंगं रंगवून मिरवतात, कोणाच्या लग्नाला अख्खं गाव पंगतीला बसतं. बारीक अक्षर आता मला दिसत नाही, म्हणून नातसून वाचून दाखवते. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या अंकात एका सद्गृहस्थांनी ‘गाव करी ते राव न करी’ अशी म्हण टाकून लिहिलं, की तेव्हाची गावं एकदिलाची होती, आता ती एकी राहिली नाही. तिथे माझं डोकं तापलं. एकदिलाचं गाव मीही पाहिलं आहे. ते कधी सगळ्यात जास्त एकदिलाचं झालं होतं तेवढं लिहून पाठवते. छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

आमचं गाव वाशीमच्या बाजारापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. राज्य इंग्रजांचं होतं म्हणे, पण आम्हा पोरांना सरकार म्हणजे पटवारी एवढंच ठाऊक. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी, आणि गावाला वळसा घालून जाणारा एक नाला. त्या नाल्याच्या काठाकाठाने गाडीवाट उतरत उतरत खालच्या गावाला जायची. खालच्या गावात माझी थोरली बहीण, अक्का, दिली होती. आमच्या शेवटच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की तिच्या गावच्या चुलींचा धूर दिसायचा. माय दिवस कलताना तिथे उभी राहायची आणि म्हणायची, “पेटली वं माह्या पोरीची चूल.” एवढ्या धुरातून अक्काचा धूर तिला कसा ओळखू यायचा, देव जाणे.

अक्का भारी हसरी. लग्नात अंतरपाटामागे उभी असताना हसली म्हणून आत्याने तिला सगळ्यांदेखत चिमटा काढला होता, आणि चिमटा काढल्यावर ती आणखी हसली होती. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा माय आम्हा दोघींना घेऊन शेलूबाजारच्या बाजाराला गेली. तिथे अक्काने चोळीचा एक खण पसंत केला, हिरवागार, काठाला पिवळी रेघ. मी म्हटलं, हे तर पोपटाचं आहे. “पोपटाचा तं पोपटाचा,” ती म्हणाली, “मलेच घालाचा हाय, तुले काय करते?” माय म्हणाली, “आता नाही भेटत. पंचमीले येशीन तवा शिवू.” खण पेटीत गेला आणि अक्का सासरी गेली.

पंचमी यायच्या आधीच गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. आमच्याकडे तिचं नाव घेत नसत. नुसतं “बाई आली” म्हणायचे, आणि ते शब्द ऐकले की बाया पदर तोंडाला लावायच्या. पहिल्यांदा कुंभाराच्या घरची म्हातारी गेली, मग पाटलाच्या चुलत्याची सून. कोणी कोणाच्या अंगणात जाईना. एका गावचा माणूस दुसऱ्या गावात शिरेना. निरोप द्यायचा तर शिवेवर उभं राहून ओरडून द्यायचा. अक्काकडचं काहीच कळत नव्हतं, आणि आमचं तिला कळत नव्हतं.

मग आमच्या घरात धाकटा भाऊ पडला. नुकता कुठे धड बोलायला लागलेला, दिवसभर वासराच्या मागे धावणारा पोरगा. सकाळी उलटी झाली आणि दुपारपर्यंत त्याचे डोळे आत गेले, बोटांची टोकं म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतली. माय त्याच्या उशाशी बसून कण्यांच्या पेजेचं मीठ घातलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजायची. तो ओकायचा, ती पुन्हा पाजायची. तिच्या तोंडून रडणं नाही, बोलणं नाही. मी तिला भीत होते.

त्यात गाव मारुतीच्या पारावर जमलं आणि मरीमायचा गाडा काढायचं ठरलं.

ज्यांनी गाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुतार लहानसा लाकडी गाडा करून द्यायचा, त्यात मातीची मरीमाय बसवायची. त्या दिवशी गावात चूल पेटायची नाही. प्रत्येक घराने घर झाडून तो केर, झिजलेली केरसुणी, फुटकं सूप गाड्यावर द्यायचं, म्हणजे घरातलं दुखणं त्याच्यासोबत गेलं. आणि वरून देवीची ओटी द्यायची, ज्वारी, हळकुंड, बांगड्या, कोरा खण. कारण देवी माहेरपणाला आली होती, तिला रिकाम्या हाताने सासरी कसं धाडणार? मग डफडं वाजवत गड्यांनी तो गाडा ओढत न्यायचा आणि शिवेपलीकडे, दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. गाड्यावरची काडीही कोणी उचलायची नाही, हा एक नियम. दुसरा, गाडा सोडून परतताना मागे वळून पाहायचं नाही. देवी मागून हाक मारते, आणि तीही आपल्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात, असं म्हातारे सांगायचे.

आपल्या दारातलं मरण उचलून शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं, त्या दिवशी आमचं गाव एक व्हायचं. एरवी धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडणारे लोक त्या दिवशी एका दोराला हात लावायचे. सद्गृहस्थांना ही एकी माहीत असेल का?

माझ्या बाबांचंही नाव दोर ओढणाऱ्यांत होतं. ते पारावरून घरी आले तेव्हा माय उंबऱ्यात उभी राहिली.

“गाडा कोनीकडे नेनार हाय?”

“खाली. दर खेपीले खालीच जाते.”

“खाली माही लेक हाय.”

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “वरच्या अंगाले खडक हाय. तिकडे गाडा चढन का? वाट खालीच उतरते, त्याले मी काय करू?”

“मंग तुमी तरी नोका जाऊ.”

“पोट्टं आपलं पडेल हाय. मी नाही गेलो तं लोक म्हनतीन, याले बाई घरातच ठेवाची हाय. गावाचं काम हाय ते. माह्या एकट्याचं नाही.”

माय मागे सरली. तिने पेटी उघडली. घरात कोरा खण एकच होता, अक्काचा. देवीला धुतलेला, वापरलेला चालत नाही. तिने तो बाहेर काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. आमच्या दारासमोर गाडा थांबला तेव्हा तिने सुपात ज्वारी आणि हळकुंड घेतलं, त्यावर खण ठेवला आणि आपल्या हाताने देवीच्या पुढ्यात ओतलं. मी तिच्या पदराला धरून होते, म्हणून ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं. “बाई, माह्या लेकाले ठेव. दुसरं कायी मांगत नाही.”

गाडा नाल्याच्या काठाने उतरत गेला. डफड्याचा आवाज लहान लहान होत गेला आणि नंतर आलाच नाही. दिवस मावळायच्या आत गडी परतले, खाली मान घालून, एकाच्या मागे एक. बाबा आले, पाय धुतले आणि गोठ्यात जाऊन बसले. घरात गेले नाहीत. भावाने त्या संध्याकाळी पेज मागितली, आणि ती त्याच्या पोटात राहिली.

गावात पुन्हा चुली पेटल्या. आणखी एक-दोघं गेले, मग दुखणं हटलं. लोक म्हणाले, बाई गेली. आमच्या अंगणात बाया आल्या, भावाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेल्या. मायच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं. ते हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं, तेवढ्यात खालच्या गावचा एक माणूस आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभा राहून ओरडला. अक्का पडली होती. बाबा टोपी न घालता तसेच धावले. ते पोहोचले तेव्हा तिला नेण्याची तयारी चालली होती.

मायला जाता आलं नाही. भाऊ अजून मान धरत नव्हता.

पुढचं आम्हाला अक्काच्या नणंदेने सांगितलं. दुखणं पुरतं ओसरल्यावर ती एक दिवस आली, आमच्या ओसरीवर बसली आणि न विचारता बोलू लागली. तिच्या मनावरचं ओझं तिला कुठेतरी उतरवायचं होतं. त्या दिवशी ती आणि अक्का शिवेवरच्या वावरात तण निंदत होत्या. डफडं ऐकून दोघी उभ्या राहिल्या. गाडा सोडून गडी पाठमोरे झाले, त्यात अक्काने बाबांना ओळखलं. ती ओरडली, “बाबा! ओ बाबा!” बाबा थांबले नाहीत, वळले नाहीत. “बाबाले ऐकूच नाही गेलं,” असं म्हणून ती गाड्याकडे गेली.

“म्या म्हनलं, वयनी, हात नोको लावू,” नणंद रडत सांगत होती. “तं हासली. म्हने, हा तं माहाच खन हाय वं, मायनं पाठोला. सारे जिते असतीन, म्हनून तं पाठोला. मायच्या हातचं मले काय करते?”

तिने खण कमरेला खोचला आणि पुन्हा निंदायला बसली. दिवसभर गाणं म्हणत होती म्हणे. तिला नेलं तेव्हा तो खण तिच्यासोबतच दिला.

बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना हाक ऐकू गेली होती. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, पण मला ते त्याच वेळी त्यांच्या तोंडावरून कळलं होतं. ती हाक देवीची आहे, लेकीच्या आवाजात मारलेली, असं समजून ते पावलं उचलत राहिले होते. त्यानंतर बाबांना रस्त्यात मागून कोणीही हाक मारली की ते गर्रकन वळायचे. दुसऱ्याला मारलेली हाक असली तरी वळायचे. बाजारात लोक हसायचे. मला त्यांची इतकी कीव यायची की मी त्यांच्यासोबत बाजाराला जायचं टाळू लागले.

आमच्या घरात त्यानंतर कोणी मोठ्याने रडलं नाही. बायाबापड्या मायची समजूत काढायला यायच्या आणि चांगल्या मनाने म्हणायच्या, “जाऊ दे वं माय. एक मांगतला, एक देल्ला. देवीचा सौदा हाय, कोन काय करन?” माय मान हलवायची. लेकीचा खण आपण देवीला दिला, देवीने खणवाली नेली, हे तिने मनोमन मान्य करून टाकलं होतं. गावाने तिला बोल लावला नाही, वाळीत टाकलं नाही, उलट मान दिला. गावाचं दुखणं तिच्या लेकीने नेलं म्हणून सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्या हळू आवाजाचा मला संताप यायचा, अजून येतो.

धुऱ्यावर उभं राहणं मायने सोडलं नाही. संध्याकाळी जायची, धूर बघायची, बोलायची मात्र नाही. एकदा मी सोबत होते. खालून वाऱ्याबरोबर कुणा बाईचं हसणं आलं. माय माझा दंड इतका घट्ट धरून उभी राहिली की तिथे वळ उठले. ते हसणं कोणाचंही असेल. खालच्या गावात काय हसणाऱ्या बाया नव्हत्या? पण आम्ही दोघी घरी येईपर्यंत एकमेकींकडे पाहू शकलो नाही.

खरा झोडपला गेला तो भाऊ. त्याने काय केलं होतं? वाचला होता, एवढंच. पण गावात तो “ज्याच्यासाठी बहीण गेली तो” झाला. पोरं पोरांत भांडली की त्याला तेच ऐकवायची. भाऊबीजेला मी पाट मांडला की तो खाली मान घालून बसायचा, मी ओवाळलं की उठून निघून जायचा. त्याच्या ताटात माय जास्तीचं तूप घालायची आणि तो खाताना त्याच्याकडे अशी बघत राहायची, की तो अर्ध्या ताटावरून उठायचा. एकदा त्याने भाकर खाली ठेवून तिला विचारलं होतं, “मले काहून मांगतलं तुनं? तिले मांगाचं व्हतं.”  माय उठून ज्वारी पाखडायला बसली.

तो अभ्यासात हुशार निघाला. शिकायला वाशीमला राहिला, आणि मला वाटतं, शिक्षणापेक्षा त्याला आमच्या घरापासून लांब राहायचं होतं. तोपर्यंत माझंही लग्न झालं होतं. एका पोळ्याला मी माहेरी आलेली असताना तो अचानक दारात उभा राहिला, धापा टाकत, अंगावर वाटेचा चिखल. वाशीमच्या अलीकडे गाडी सापडली नाही म्हणून पायी आला होता. चुलीपाशी माय पुऱ्या तळत होती, तिच्यासमोर तो बसकण मारून बसला.

त्या सुमारास सरकारी माणसं गावोगाव विहिरीत लाल दवा टाकत फिरायची. वाशीमला त्यांच्यातला एक जण शाळेत येऊन बोलला होता. भावाने त्याला बाहेर गाठून खोदखोदून विचारलं होतं. आता तो मायला सांगू लागला. पटकी देवी नाही, गाडा नाही, ती पाण्यातून जाते. दुखणाईताच्या पोटातलं नाल्यात उतरतं आणि नाला वाहत वाहत खाली नेतो. खालच्या गावची विहीर खारी, ते लोक नाल्याचंच पाणी पितात. गाडीवाट नाल्याच्या काठाने जाते म्हणून गाडाही खाली जातो आणि दुखणंही खाली जातं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाटत आलं, गाडा गेला म्हणून दुखणं गेलं.

“म्हंजे पान्यातून?” मायने विचारलं.

“हो माय, पान्यातून.”

“नाल्याच्या?”

“हो. खनानं कायीच नाही केलं. खन नसता तरी ती पडली असती. तुनं मले मांगतलं म्हनून ती नाही गेली वं माय!”

आणि तो रडायला लागला. एवढा वाढलेला मुलगा, मिसरूड फुटलेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मीही रडत होते आणि देवाशपथ सांगते, मला वाटलं, आमच्या घरावरचं सावट आज गेलं. कढईतली पुरी जळाली तरी मायचं लक्ष नव्हतं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मग म्हणाली, “बरं झालं रे राजा. तू मोकया झाला.”

तो खरंच मोकळा झाला. त्या दिवशी पोटभर जेवला, बैल धुवायला गेला, शेजारच्या पोरांसोबत दंगा केला. पुढे नोकरी, संसार, नातवंडं सगळं त्याने हसत केलं. दर भाऊबीजेला माझ्या घरी येऊन मला चिडवत राहिला, ते मागच्या वर्षी तो गेला तोवर. तो गेला म्हणूनच आता हे लिहिते आहे. तो असता तर लिहिलं नसतं, कारण दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि माय धुण्याचं गाठोडं घेऊन नाल्यावर गेलो. मी दगडावर बसले, कपडे सोडू लागले. माय काठावरच उभी राहिली. नाला भरून वाहत होता. मी म्हटलं, “बस ना वं माय.” ती पाण्याकडे बघत होती, खाली, जिकडे ते जात होतं तिकडे.

“तो पडला व्हता तवा,” ती म्हणाली, “त्याच्या अंगाखालचे फडके कोन धुतले व्हते?”

मला कळलं नाही. 

“विहिरीवर येऊ नोको म्हने गाव. तुह्या घरी बाई हाय, इथं धुऊ नोको. म्हनून मी इथं येत जावो. या दगडावर. सकाय-संध्याकाय. झाडून सारं या पान्यात देल्लं म्या.” तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. “देवीनं नेलं व्हतं तवा देवीले गाऱ्हानं तरी सांगता येत व्हतं. आता कोनाले सांगू?”

मी उठून तिला धरायला गेले. तिने मला हाताने मागे केलं. “तुले कसं ठाऊक असन माय, कोनालेच ठाऊक नव्हतं,” असलं काहीबाही मी बोलत होते. खरं होतं ते, पण तिला त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. बऱ्याच वेळाने तिने माझी हनुवटी धरली, मी लहान असताना धरायची तशी.

“त्याले सांगू नोको,” ती म्हणाली. “कदी नोको सांगू. आत्ता हासाले लागला तो.”

आम्ही गाठोडं तसंच कोरडं उचललं आणि घरी आलो. भाऊ अंगणात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे पट्टे सोडत बसला होता. आम्हाला पाहून हसला आणि म्हणाला, “इतक्यात झालं धुनं?”

“हो रे राजा,” माय म्हणाली, “झालं.”